युरोपातले नाताळ बाजार, बेताच्या खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की माझ्या फोनवर एक ठरावीक मेसेज यायला लागतो: "डिसेंबरात युरोपला यायचं म्हणतोय. ते ख्रिसमस मार्केट स्वस्तात कसं जमेल?" मी जर्मनीत, न्यूरेंबर्गला चिकटून असलेल्या फ्युर्थमध्ये राहते. भाऊ, मावसबहीण, मावसबहिणीची शेजारीण, तिच्या मुलाचा मित्र अशा सगळ्यांना तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते आहे. प्रश्न लोकांचेच आहेत, साधारण त्यांच्याच शब्दांत. किमती गेल्या एक-दोन हिवाळ्यांतल्या. थोडं वरखाली धरून चला.

१. ख्रिसमस मार्केट म्हणजे नक्की काय? तिकीट काढावं लागतं का?

म्हणजे जत्रा. फक्त देवळाऐवजी चर्चच्या पुढ्यात, आणि उन्हाऐवजी कडाक्याच्या थंडीत. चौकात लाकडी खोपट्यांच्या रांगा. त्यांत खाणंपिणं, मेणबत्त्या, लाकडी खेळणी, झाडावर टांगायचे काचेचे गोळे. प्रकार जुना आहे. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासून भरतो, स्ट्रासबर्गचा बाजार १५७० पासून.

प्रवेश फुकट. चौकात शिरायचं आणि फिरायचं. तिकीट लागतं ते अपवादानं: रेगेन्सबुर्गला थुर्न उंड टाक्सिस राजवाड्याच्या आवारातला बाजार, किंवा फ्रायबुर्गजवळ रावेना दरीत रेल्वेच्या उंच पुलाखाली भरतो तो. हे दोन्ही देखणे आहेत, पण पहिल्या खेपेला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

म्हणजे काटकसर बाजारात करायचीच नाहीये. पैसे जातात विमानात, खोलीत आणि शनिवार-रविवारात. पुढची बहुतेक उत्तरं याच तिघांभोवती फिरतात.

२. कधी यावं?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा डिसेंबरचा पहिला, आणि सोमवार ते गुरुवार. मला एकच सल्ला द्यायची मुभा असती तर हाच दिला असता.

सगळं गणित अॅडव्हेंटवर चालतं. नाताळाआधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. न्यूरेंबर्गचा बाजार त्याच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो: सोनेरी केसांची क्रिस्टकिंड (नाताळच्या भेटी आणणारी देवदूतासारखी आकृती) झालेली मुलगी चर्चच्या सज्ज्यातून स्वागताचे शब्द म्हणते आणि खाली चौक गच्च भरलेला असतो. इतर बऱ्याच जर्मन शहरांत त्याच आठवड्याच्या सोमवारपासून दुकानं लागलेली असतात, कारण त्याच्या आदल्या रविवारी मृतांचं स्मरण करतात आणि तो दिवस होईपर्यंत बाजार उघडू नये असा रिवाज आहे.

अॅडव्हेंटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी मी स्वतः चौकाकडे फिरकत नाही. पाऊल उचललं तर परत टेकवायला जागा नसते, आणि तीच खोली मंगळवारच्या दुप्पट भावानं गेलेली असते.

३. मुलांची नाताळची सुट्टी २४ डिसेंबरपासून आहे. तेव्हाच आलो तर?

फसाल. सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात. आपल्या डोक्यात "ख्रिसमस मार्केट म्हणजे ख्रिसमसला" असं असतं. जर्मनीत बाजार नाताळाच्या आधीचा असतो. न्यूरेंबर्गचा २४ तारखेला दुपारी दोनला बंद होतो, कोलोनचे बहुतेक २३ लाच आटोपतात, स्ट्रासबर्गचाही बहुधा २४ लाच संपतो.

ठाण्याहून एक कुटुंब असंच नाताळ उलटल्यावर आलं होतं. त्यांना चौकात घेऊन गेले तर मजूर खोपटी उचकटून ट्रकवर चढवत होते, आणि ताडपत्रीवर एक लाकडी रेनडिअर आडवा पडलेला, एक शिंग बाहेर आलेलं. धाकट्यानं विचारलं, "मावशी, बाजार कुठंय?" शेवटी घरी नेऊन साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. २५ आणि २६ ला दुकानंसुद्धा बंद असतात, त्यामुळे दुसरं काही सुचवताही येईना.

सुट्टी तीच आणि बदलता येण्यासारखी नसेल तर शहर बदला. प्रागचे मुख्य बाजार अलीकडे ६ जानेवारीपर्यंत चालतात. व्हिएन्नात शोनब्रून राजवाड्यासमोरचा नाताळानंतर नववर्षाचा बाजार म्हणून चालू राहतो, साल्झबुर्गचा १ जानेवारीपर्यंत असतो, झाग्रेबमध्येही जानेवारी उजाडतो. पण या दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात, हे धरून चाला. तारखा दरवर्षी त्या-त्या शहराच्या अधिकृत पानावर तपासूनच विमानाचं तिकीट काढा.

४. सगळ्यांत स्वस्त शहर कोणतं?

पोलंड. व्रोत्स्वाफ किंवा क्राकूफ. तिथलं चलन झ्लॉटी, राहणं-खाणं जर्मनीपेक्षा स्पष्टपणे स्वस्त पडतं आणि व्रोत्स्वाफचा बाजार जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या बाजाराच्या तोडीचा आहे. बुडापेस्टला राहणं स्वस्त, पण बॅसिलिकासमोरच्या टपऱ्यांवर भाव पर्यटकांचे. प्राग स्वस्त आहे ही समजूत जुनी झाली. जुन्या शहराच्या चौकात तर अजिबात नाही (प्रश्न १३ पाहा).

जर्मनीच हवी असेल तर पूर्वेकडे वळा: लाइपझिग, एरफुर्ट, ड्रेस्डेन. एरफुर्टला कॅथेड्रलच्या उंच पायऱ्यांखाली बाजार भरतो. पायऱ्यांवर बसून नुसतं बघत राहिलं तरी संध्याकाळ वसूल. स्वित्झर्लंड मात्र बेताच्या बजेटमध्ये बसवायचा हट्ट धरू नका.

५. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा, आणि किती आधी?

ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाचा. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, आणि निदान १५ दिवस आधी तो गेलेला असावा लागतो. कागदावर हे ठीक. खरी अडचण अपॉइंटमेंटची, म्हणून श्रावणातच तारीख पाहायला लागा. दिवाळीनंतर जागे होणाऱ्यांसाठी माझ्याकडे सहानुभूती आहे, उपाय नाही.

गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर २०२४ पासूनच्या नियमानुसार भारतीयांना दोन वर्षांचा, कितीही वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. जुना पासपोर्ट सोबत जोडा.

६. माझ्याकडे इंग्लंडचा व्हिसा आहे. त्यावर जर्मनी होईल का?

नाही. उलटही नाही: शेंगेन व्हिसावर एडिनबर्ग किंवा बाथचा बाजार पाहता येत नाही. आयर्लंड तिसरंच. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे चालतं.

७. राहायचं कुठे? चौकाजवळच्या हॉटेलचे भाव बघून डोळे फिरले.

शेजारच्या गावात राहा. न्यूरेंबर्गसाठी फ्युर्थ: मेट्रोच्या एकाच लाइनवर, पंधरा-वीस मिनिटांत बाजारापाशी. स्ट्रासबर्गसाठी ऱ्हाईनच्या पलीकडचं जर्मन गाव केल: २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम नदी ओलांडून थेट तिथे येते, आणि खोली फ्रान्समधल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते. नकाशावर ट्राम किंवा लोकलचं शेवटून दुसरं-तिसरं स्टेशन शोधायचं, एवढंच.

चौघं-पाच जण असाल तर स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर घ्या. सकाळचा चहा-पोहे घरी झाला की बजेट निम्म्यानं हलकं होतं. एकटे असाल तर न्यूरेंबर्गचं युथ हॉस्टेल बघा. ते किल्ल्यातल्या शाही घोड्यांच्या जुन्या पागेत आहे. सदस्यत्वाचं कार्ड लागतं आणि लवकर भरतं.

८. रेल्वेचा खर्च कसा आवरायचा?

दोन रस्ते आहेत. लांबच्या वेगवान गाड्यांची सवलतीची तिकिटं महिनोन् महिने आधी सुटतात आणि विमानासारखी महाग होत जातात, म्हणून तारीख ठरली की लगेच घ्या.

जवळच्या फेऱ्यांसाठी बायर्न-टिकेट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, बव्हेरियाभर (न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे ते) सगळ्या साध्या गाड्यांत, बहुतेक शहरांच्या बस-मेट्रोत, आणि सीमेपलीकडे साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतसुद्धा. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकामागे थोडेच वाढतात. ग्यानबाची मेख अशी की सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. आठ पन्नासच्या गाडीत बसून "दहाच मिनिटं तर आहेत" म्हणाल तर तपासनीस दंडाची पावती फाडतो. आमच्या घरात अशी एक पावती जपून ठेवलेली आहे. सॅक्सनीत असंच झाक्सन-टिकेट मिळतं. त्यावर ड्रेस्डेन, लाइपझिग, एरफुर्ट तिन्ही होतात.

९. आणि ते महिन्याचं जर्मनी-तिकीट? ते सगळ्यांत स्वस्त ना?

आठ-दहा दिवस जर्मनीतच फिरणार असाल तर हो. डॉइचलांड-टिकेट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. देशभर साध्या गाड्या, बस, मेट्रो, ट्राम. पण तीन गोष्टी लोक विसरतात. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, त्यामुळे २८ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर अशा सहलीला दोन महिन्यांचे पैसे पडतात. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर बंद व्हायला हवं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. आणि वेगवान गाड्यांत ते चालत नाही. डिसेंबरच्या एक तारखेनंतर येत असाल तर डोळे मिटून घ्या, रद्द करायची आठवण मात्र फोनवर लावून ठेवा.

१०. आम्ही शाकाहारी. बाजारात उपाशी राहू का?

नाही, उलट जास्तच खाल. पहिलं नाव कार्टोफेलपुफर: किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं म्हणा हवं तर. मोठ्या काळ्या तव्यावर तेलात सोडतात, कडा तपकिरी जाळीदार झाल्या की तीनतीन कागदी थाळीत, वर सफरचंदाचं पातळ गोडसर वाटण. ऐकायला विचित्र वाटतं, पण पहिल्या घासानंतर कोणी तक्रार केलेली मी पाहिली नाही. साधारण पाच-सहा युरो आणि पोट भरतं.

त्याखेरीज चीजमध्ये घोळलेले श्पेत्सल (अंड्याच्या मऊ, जाडसर शेवया), लसणाच्या पांढऱ्या सॉसमधली मशरूम, व्हिएन्नाकडे खसखस आणि व्हॅनिला सॉस घातलेला गेर्मक्नोडेल (वाफवलेला गोड पावगोळा), पोलंडमध्ये मेंढीच्या दुधाचं भाजलेलं धुरकट चीज. भाजलेले चेस्टनट तर हातात धरायलाच घ्यावेत, बोटं शेकतात. साखरेत परतलेल्या बदामांचा वास लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानाची आठवण करून देतो.

सावध राहायच्या जागा: वाटाण्याच्या सूपमध्ये बहुधा सॉसेज असतं. फ्लामकुखन, म्हणजे पातळ पिझ्झासारखी भाकरी, मूळची डुकराच्या मांसाच्या तुकड्यांची. शाकाहारी वेगळी मागावी लागते. आणि बटाट्याच्या त्या थालीपिठांत बऱ्याचदा अंडं असतं. "ओने आय?" म्हणजे "अंड्याशिवाय?" हे दोन शब्द पाठ करा. कडक शाकाहारी असाल तर हेही सांगते की इथलं बरंचसं पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं.

मांसाहाऱ्यांना जास्त सांगायला नको. न्यूरेंबर्गचे बोटाएवढे मार्जोरमच्या चवीचे सॉसेज, एका पावात तीन. "द्राय इम वेगला" म्हणा, टपरीवाला खूश होतो.

११. घरून तूप, पेढे, लाडू आणले तर चालतील?

तूप, पेढे, बर्फी, पनीर आणू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजी फळंभाजीही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, म्हणजे कढीपत्ता, मिरच्या, लिंबं बाद. गंमत अशी की केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, लोणचं निर्धास्त आणा. तुपातल्या बेसन लाडवांवर विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते घरीच संपवून निघा. आणि मेतकूट माझ्यासाठीही आणा.

१२. ग्लूवाइनच्या मगाचे जास्तीचे पैसे का घेतात?

ती अनामत असते, जर्मनमध्ये "फांड". ग्लूवाइन म्हणजे दालचिनी-लवंग घातलेली गरम रेड वाइन. साधारण चार-पाच युरोंची. सोबत मगाचे तीन ते पाच युरो कापतात. मग परत दिला की पैसे परत. काही ठिकाणी एक छोटं टोकन मिळतं. मगासोबत ते दिलं नाही तर पैसेही मिळत नाहीत, म्हणून ते वेगळ्या खिशात ठेवा. मग ज्या टपरीचा, बहुधा तिलाच परत करावा लागतो.

मगावर शहराचं नाव आणि बहुतेकदा सालही छापलेलं असतं. आवडला तर अनामत सोडून द्या; या सहलीतली सगळ्यांत स्वस्त आठवणवस्तू तीच. मुलांना आणि न पिणाऱ्यांना किंडरपुन्श मागा: फळांच्या रसाचा, त्याच मसाल्यांचा, मद्याशिवाय. दिसायला अगदी सारखाच असतो, म्हणून हातातले मग अदलाबदल होऊ देऊ नका.

१३. कुठे लुबाडतात का?

चोऱ्या गर्दीत होतात तशाच, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खरा फटका मात्र पाटी नीट न वाचल्यानं बसतो. प्रागच्या चौकात लोखंडी सळईवर फिरत असलेलं हॅम दिसतं आणि पाटीवरचा आकडा परवडणारा वाटतो. तो १०० ग्रॅमचा असतो. विक्रेता न विचारता भलामोठा तुकडा कापतो आणि वजनकाट्यावरचा आकडा बघून भूक मरते. कापण्याआधी हातानं दाखवा, एवढाच. बदाम, चीज, फज सगळीकडे १०० ग्रॅमचेच भाव असतात.

दुसरा फटका एटीएम आणि कार्डमशिनवर. "रुपयांत पैसे भरणार का?" असं यंत्र विचारतं. नेहमी तिथल्या स्थानिक चलनाचा पर्याय दाबा, नाहीतर विनिमयाचा दर ते स्वतःच्या सोयीचा लावतात. पर्यटकांच्या चौकातली रंगीत एटीएम टाळून बँकेच्या इमारतीतलं शोधा. जर्मनीत बऱ्याच टपऱ्या अजून रोखच घेतात, तेव्हा दिवसाला माणशी तीसेक युरो सुटे बाळगा.

१४. एकूण दिवसाला किती धरू?

विमान आणि व्हिसा सोडून, जर्मनीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, माणशी ७० ते ८० युरो. यात शेजारच्या गावातली पलंगापुरती जागा, सकाळचं घरी, दुपारी सुपरमार्केटचा पाव-चीज, संध्याकाळी बाजारात मनसोक्त, आणि साध्या गाडीचा प्रवास आला. पोलंडमध्ये यातून पंधरा-वीस वजा करा. शनिवार घातला तर माझं गणित धरू नका.

मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि म्युनिकला थेट विमानं आहेत. परतीचं तिकीट १२ डिसेंबरच्या आत ठेवा. त्यानंतर इथले सगळे भारतीय घरी निघतात आणि भाडं भडकतं.

१५. आई साडीच नेसते. थंडी झेपेल का?

माझी आई दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा साडीत. आत लोकरीचे थर्मल, पायांत जाड मोजे आणि रबरी तळव्याचे बूट, वर गुडघ्यापर्यंतचा कोट. निऱ्या थोड्या वर खोचल्या की बर्फाचं पाणी लागत नाही. तापमान शून्य ते पाचच्या आसपास असतं. त्रास होतो तो एका जागी उभं राहिल्यानं, आणि थंडी पायातून चढते. म्हणून पैसे कोटावर नाही, बुटांवर घाला. मोठे कोट पुण्या-मुंबईत घेऊ नका, कोणाकडून तरी मागून आणा.

सूर्य सव्वाचारलाच मावळतो. दुपारी झोप काढून चारला निघालात तरी काही बुडत नाही; दिवे लागल्याशिवाय बाजाराला तोंडच येत नाही.

१६. विकत काय घ्यावं?

माझी शिफारस हेर्नहुटचा तारा. मूळचा सॅक्सनीतल्या एका शाळेत भूमितीच्या तासाला मुलांकडून करून घेतलेला कागदी कंदील. नेहमीच्या ताऱ्याला २५ टोकं असतात. सुट्या भागांत येतो, घरी जोडायचा, आणि दिवाळीत आपल्या आकाशकंदिलाशेजारी शोभतो. लाकडी नटक्रॅकर हवा असेल तर तळाशी एर्त्सगेबिर्गचं (लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅक्सनीतल्या डोंगराळ भागाचं) नाव आहे का बघा. स्वस्त असतात ते लांबून आलेले.

ड्रेस्डेनचं स्टोलन, म्हणजे सुकामेव्याचा, साखरेत लोळवलेला केक, सोनेरी शिक्क्यासह घ्याल तर अस्सल. घरी वाटायलाच हवं असेल तर सुपरमार्केटमधलं अर्ध्याहून कमी किमतीत मिळतं आणि वाईट नसतं. मनुका बहुधा रममध्ये भिजवलेल्या असतात, आजीला आधी सांगा.

हलवले की आत बर्फ उडतो ते पाण्याचे काचगोळे हातसामानात ठेवू नका; आत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी असलं तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.

१७. टॉयलेटचं काय?

पन्नास सेंट ते एक युरो, रोख. नाणी साठवा. म्युझियम किंवा कॅफेत बसाल तेव्हा तिथलं वापरून घ्या.

१८. तू बरोबर येशील ना फिरवायला?

सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सहानंतर, न्यूरेंबर्गच्या चौकातल्या सोनेरी कारंज्यापाशी. कार्टोफेलपुफर तुमच्याकडून. शनिवारी फोन करू नका.